विचारा तर खरं : जाळ, विस्तव आणि संत्र्याची साल

आधी माझी चूक. मागच्या अंकात आगपेटीबद्दल लिहिताना काडीच्या गुलात फॉस्फरस असतो, असं मी ठोकून दिलं. मानेवाड्याहून अग्निशमन दलातल्या एका निवृत्त वाचकांचा फोन आला. "मॅडम, फॉस्फरस पेटीच्या बाजूले असते ना!" अगदी खरं. गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, तांबडा फॉस्फरस पेटीच्या घासायच्या पट्टीवर. दोघांची भेट घर्षणातच होते, म्हणून ती 'सेफ्टी' काडी. पूर्वी पांढरा फॉस्फरस सरळ काडीवरच असायचा. तो कामगारांच्या जबड्याचं हाड कुजवायचा. लंडनच्या आगपेटी कारखान्यातल्या मुलींनी १८८८ मध्ये संप केला, तेव्हा त्या रोगाचीही खूप चर्चा झाली होती. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ही चूक करायची म्हणजे कमाल आहे. त्या वाचकांचे आभार. त्यांचाच एक प्रश्न शेवटी घेतला आहे.

या महिन्यात आगीवरचीच पत्रं एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले.

प्रश्न : संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली की फुलबाजी उडते. का? आणि आग घन, द्रव की वायू? (इयत्ता नववी, महाल)

तू नागपूरचा शोभतोस. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडली की त्या फुटतात आणि तेलाचा तुषार उडतो. त्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं, तेच सालीच्या वासाचं मूळ. (तेच फुगवलेल्या फुग्यावर पिळून बघ. रबर विरघळतं आणि फुगा फाटकन फुटतो. हा प्रयोग बिनआगीचा आहे, आधी हाच कर.)

आता गंमत बघ. हेच तेल वाटीत साठवून त्यात जळती काडी टेकवलीस, तर ते तितक्या सहज पेटायचं नाही. कारण द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. तुषाराचा प्रत्येक थेंब इतका लहान की ज्योतीजवळ येताच त्याची वाफ होते, आणि चारी बाजूंनी हवा असतेच. म्हणून तडतड.

मेणबत्तीचंही तेच. ती फुंकलीस की वातीतून पांढरा धुराचा दोरा वर जातो. तो धूर म्हणजे थंड होत चाललेली मेणाची वाफ. पेटती काडी वातीला न लावता त्या दोऱ्याला लाव, वातीपासून बोटभर वर. ज्योत दोऱ्यावरून उडी मारत खाली येते. मायकल फॅरडेने १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानं दिली, त्यातही ही उडी होती. मी दर वर्षी पहिल्या तासाला हीच करून दाखवायचे. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्या दिवशी पुढे यायची.

तर आग हा पदार्थच नाही. ती एक घडामोड आहे. जळतो तो वायू, आणि पिवळा उजेड देतात ते त्यात तापून लाल-पिवळे झालेले काजळीचे कण. ज्योतीचा निमुळता आकारसुद्धा तिचा स्वतःचा नाही. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि ज्योतीला ओढते. अंतराळयानात गरम हवेला 'वर' जायला जागाच नाही, म्हणून तिथे मेणबत्तीची ज्योत गोल आणि निळसर दिसते. साल पिळताना आईला शेजारी उभं कर आणि हात लांब ठेव.

प्रश्न : गॅसची ज्योत पिवळी झालीय, भांडी काळी होतात. सिलिंडर खराब आला का? (नंदनवन)

सिलिंडर नाही, बर्नर. गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही, म्हणून कार्बन पूर्ण जळत नाही आणि भांड्याच्या बुडाला बसतो. सोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, त्याला ना रंग ना वास. बर्नरची छिद्रं सुईने मोकळी करा, ज्योत तरीही पिवळी राहिली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते : कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि जळतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, झाकण सरकवायचं, आणि झाकण लगेच उघडून बघायचं नाही.

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा, सध्या पुण्यात. मित्रांना रोडगे खाऊ घालायचे म्हणून फार्महाउसवर घाट घातला. बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक. वांग्याच्या भाजीने अब्रू राखली. चुकलं कुठे?

चुकलं ते घाईत. तुम्ही रोडगे जाळावर भाजलेत. रोडगे विस्तवावर भाजायचे असतात.

हे दोन शब्द आपण आता एकाच अर्थाने वापरतो, माझ्या आजीच्या लेखी ते वेगळे होते. काटोलकडच्या तिच्या गावी गोवऱ्यांचा ढीग पेटला की कोणी कणकीला हात लावत नसे. "जाळ सरू दे" एवढंच ती म्हणायची. गोवरी किंवा लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात आणि ज्योतीने जळतात. तो जाळ. सगळे वायू निघून गेले की मागे कार्बनचा सांगाडा राहतो. त्यातून वाफ निघत नाही, हवा थेट त्याच्या पृष्ठभागावर येऊन भिडते आणि तो ज्योतीशिवाय, जवळजवळ धुराशिवाय लाल होतो. तो विस्तव. खेड्यातल्या बाया त्यालाच 'इस्तो' म्हणतात. जाळ वाऱ्याच्या लहरीवर नाचतो आणि काजळी लावतो. विस्तवाची धग मात्र एकसारखी. मंद लाल दिसतो तेव्हा साधारण सहाशे-सातशे अंश सेल्सिअस.

पण रोडगा थेट एवढ्या धगीत टाकला तरी करपणारच. म्हणून तिसरी गोष्ट लागते, राख. रोडगे विस्तवात सरकवून वरून गरम राख ओढायची. राख उष्णता हळूहळू जाऊ देते आणि हवाही थोडीथोडीच येऊ देते, त्यामुळे विस्तव भडकत नाही आणि लवकर संपतही नाही. तासाभराने उकरून काढा, झटका, फोडा, तुपात बुडवा. आमच्याकडे तूप कमी पडलं तर पाहुणा मनात नोंद ठेवतो.

राखेखालच्या या विस्तवालाच फुफाटा म्हणतात. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण माझ्या विद्यार्थ्यांना 'उन्हातून धुळीत' अशी काहीतरी वाटायची. अहो, जाळ दिसतो तरी! फुफाटा वरून मेलेला राखाडी ढीग, पाय टाकला की घोट्यापर्यंत भाजतो. म्हण करणाऱ्याने तो पाय टाकलेला असणार.

आजी रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे फुंकून त्यावर गोवरीचा चुरा टाकायची. ज्यांचा विझलेला असे त्या शेजारणी दारात येत. "इस्तो देजो माय." गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन, पदर सावरत, भरभर घरी. म्हणूनच 'त्या दोघांत विस्तव जात नाही' हे ऐकलं की मला भांडण दिसत नाही, दोन घरांमधली पायवाट दिसते, सकाळची, रिकामी. तिच्या वाड्यात अशी एक पायवाट होती. कारण बांधाचं. ते सांगत नाही, नातेवाईक हा अंक वाचतात.

प्रश्न : 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे का? (काटोल रोड)

मी करून पाहिलं. अंबाडीच्या दोराचा वीतभर तुकडा, जुन्या लोखंडी तव्यावर, गच्चीत. वर सांगितलं तसंच : आधी जाळ, मग लाल धग, मग राख. तंतूंमधलं सेल्युलोज वायू सोडतं, पण ते वितळत नाही. त्यामुळे उरलेला सांगाडा ज्या आकाराचा तंतू होता त्याच आकाराचा राहतो. शेवटी कार्बनही जातो आणि नुसती खनिजं राहतात, तीही पीळ दाखवत. मग नायलॉनची दोरी पेटवली. ती वितळून थेंबथेंब गळाली, पीळबीळ काही नाही. म्हणजे म्हण खरी, पण सुती-ताग-अंबाडीच्या जमान्यातली. आणि एक : राखेच्या त्या पिळाला मी करंगळी लावली, तर तो जागच्या जागी भुगा झाला. म्हणीत हा भाग नाही.

प्रश्न : 'धूर तिथे आग' तसं 'आग तिथे धूर' म्हणता येईल का? (निवृत्त संस्कृत शिक्षक, धरमपेठ)

सर, उत्तर तुम्हाला माहीत आहे, मला तपासताय. तरी देते.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांचं, ठरलेलं उदाहरण : पर्वतावर धूर दिसतो, सबब तिथे अग्नी आहे, स्वयंपाकघरात असतो तसा. उलट मात्र चालत नाही, हे त्यांनीच दाखवलं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीतल्या अग्नीबरोबर धूर का? सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त कारण दिलंय : आर्द्रेन्धनसंयोग, ओल्या सरपणाशी गाठ. धूर हा अग्नीचा गुण नाही, तो ओल्या जळणाचा आहे.

मला हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली होती. ओलं लाकूड पेटवलं की बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, तापमान चढत नाही, निघालेले वायू जळायच्या आधीच निसटतात. धूर म्हणजे पळून गेलेलं जळण. हे प्रयोगशाळेशिवाय, फक्त उदाहरण-प्रत्युदाहरण करत या लोकांनी गाठलं. युरोपात त्याच सतराव्या-अठराव्या शतकात मोठमोठे विद्वान असं मानू लागले होते की जळताना वस्तूतून 'फ्लॉजिस्टन' नावाचं काहीतरी बाहेर पडतं. जळताना हवेतलं काहीतरी आत येतं, हे लव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तराजूने सिद्ध केलं आणि त्याला ऑक्सिजन नाव दिलं. तराजू आपल्या नैयायिकांकडे नव्हता, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. नाहीतर उद्या कोणीतरी 'ऑक्सिजन आमचाच' म्हणून हे कात्रण फिरवेल.

प्रश्न : मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, हे शक्य आहे का? (सावनेर)

माणसाचं शरीर सदतीस अंशांचं, आणि मांड्याला खापर चांगलं तापलेलं लागतं. आपल्या नागपुरात उपड्या मडक्यावर लांब पोळी भाजणाऱ्या बाईंना विचारा. ती कथा जठराग्नीची आहे, तिला थर्मामीटर लावू नका. त्यापेक्षा ताटीच्या अभंगातली तिची ओळ बघा : 'विश्व रागे झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी.' दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण हे सांगते आहे. आमच्या घरी हे नाटक उलट चालायचं. रुसून दार मी लावायचे.

प्रश्न : भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता, मग जळाला कसा? (महाल)

१८६४ मध्ये. भिंती काळ्या पाषाणाच्या, पण आतलं नक्षीकाम, खांब, तुळया, छत लाकडी. वाडा नेहमी आतून जळतो. नगारखाना तेवढा राहिला.

प्रश्न : अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिललाच का, हे नव्या मुलांना समजेल असं लिहाल का? (मानेवाडा, वर चूक दाखवणारे तेच)

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्या गावात १९५७ पासून आहे, त्यामुळे हा दिवस नागपूरकरांना कवायतीपुरता तरी ठाऊक असतो. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्याच संगतीला कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, बंबवाले पोहोचले, पाणी मारत राहिले, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

आग सापडेना, याचं नवल विदर्भातल्या माणसाला वाटू नये. माझे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. ते सांगत, गाठीत ठिणगी दाबली गेली की जाळ होत नाही. आत तंतूंच्या फटीत अडकलेल्या हवेवर ती विस्तवासारखी धुमसत राहते, एक दिवस, दोन दिवस. वरून पाणी मारा, दाबलेला कापूस ते आत जाऊ देत नाही. गाठ फोडली तर हवा मिळते आणि भडका होतो.

म्हणून हंगामात रोज दिवेलागणीला ते गाठींच्या रांगांमधून फिरायचे, प्रत्येक गाठीवर तळहात ठेवत. मीही मागे असायचे. एखादी गाठ कोमट लागली की हाक जायची आणि चार जण ती लोटत मैदानाच्या पार टोकाला नेऊन ठेवायचे, एकटी. मग बाबा तिच्यापासून दहा पावलांवर खाट टाकून झोपायचे, उशाशी बादल्या भरून.