मासेमारी बंदरातला जुना धक्का दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा?

आम्ही बेळगावकर, समुद्र आमच्याकडं नाही, पण ताटातला बांगडा कारवार, वेंगुर्ल्याकडनंच घाट चढून येतो, म्हणून सांगतो. वरचा स्लॅब बघून काही ठरवू नका, ओहोटीला होडीनं धक्क्याच्या खाली जाऊन बघा. भरतीचं पाणी चढतं-उतरतं आणि लाटांचे शिंतोडे उडतात तो खांबांचा पट्टा सगळ्यात आधी जातो, कारण मीठ, हवा नि ओल तिन्ही तिथंच मिळतात. सळई गंजली की फुगते, मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त, मग काँक्रीट आतनंच फुटून पोपडे पडतात, खांबावर सळईच्या रेषेत उभ्या तडा आणि तांबडे ओघळ दिसले की समजा आत काम सुरू झालंय. असल्या ठिकाणी नुसतं प्लास्टर थापणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चार-दोन खांबच खराब असतील तर सडलेलं फोडून, सळई घासून, जोड देऊन जॅकेटिंग (खांबाभोवती नव्या सळया नि काँक्रीटचं वेष्टण) चालतंय. बहुतेक खांब तसेच असतील तर नवाच बांधा. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किमान एम ४० (ताकदीची प्रत) काँक्रीट आणि ७५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, लागतं, स्लॅग सिमेंट (पोलाद कारखान्यातली भट्टीची मळी मिसळलेलं) असलं तर मीठ आत शिरायला वेळ लागतो.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत होड्या रिकाम्या असतात खरं, पण तेव्हा समुद्र खवळलेला, पाण्यातलं काम होत नाही, म्हणून अर्धा धक्का चालू ठेवून अर्धा बांधायचा, दिवाळीनंतर सुरुवात करायची.