विष्ठेतील डीएनएवरून समुद्री प्राण्यांचा आहार कसा ओळखतात?

पेंग्विन किंवा सील खोल पाण्यात काय खातात हे कोणी पाहिलेले नसताना केवळ विष्ठेवरून ते कसे कळते आणि त्यावर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. मी प्रयोगशाळेत माशांच्या डीएनएवर काम करतो, म्हणून पद्धतीच्या अंगाने उत्तर देतो.

पूर्वी विष्ठा धुऊन, चाळून तिच्यातील टणक अवशेष मोजत असत: माशांच्या कानातील चुन्याचे खडे, माकुळाच्या चोची. पण बारीक खडे जठरातील आम्लात विरघळतात, चोची पोटात साचून राहतात आणि जेलीफिशचा तर मागमूसही उरत नाही. डीएनए मात्र तुटक का होईना, सापडतो. एकेका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) डीएनएच्या शेकडो प्रती असल्यामुळे तोच शोधतात. त्यातील शंभर-दोनशे अक्षरांचा तुकडा पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने) वाढवून, त्याचा क्रम वाचून ज्ञात प्रजातींच्या संग्रहाशी ताडून पाहतात. खाणाऱ्याचाच डीएनए भरमसाट वाढू नये म्हणून त्याला अडवणारा वेगळा प्राइमर (डीएनएला चिकटणारा छोटा कृत्रिम तुकडा) घालतात.

खरी कसोटी नमुना उचलतानाच लागते. पेंग्विनच्या ताज्या विष्ठेचा पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल, आणि ते पीसीआर बिघडवते. म्हणून क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवांमुळे गुलाबी झालेला किंवा तपकिरी भाग तेवढा अल्कोहोलच्या कुपीत घ्यायचा. अंडी उबवत उपाशी बसलेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून फारसे काही हाती लागत नाही.

या पद्धतीची मोठी कमाई माझ्या मते जेलीफिश हीच आहे. पोषणमूल्य कमी म्हणून तिला कोणी अन्नात धरत नसे. पण अॅडेली पेंग्विन आणि अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी यांच्या विष्ठेत तिचा डीएनए मिळाला आणि तो समज डळमळला.

विसंबण्याचे म्हणाल, तर पाळीव स्टेलर समुद्रसिंहांना ठरावीक मासे खाऊ घालून केलेल्या प्रयोगात भक्ष्याचा डीएनए साधारण 48 तासांपर्यंतच विष्ठेत आढळला, म्हणजे हे चित्र गेल्या दोन दिवसांचे असते. सापडलेल्या कोळंबीचा डीएनए गिळलेल्या माशाच्या पोटातलाही असू शकतो. कोणते भक्ष्य किती खाल्ले, या प्रमाणाचा अंदाज जपूनच करावा लागतो, आणि मासा पिल्लू होता की पूर्ण वाढलेला, हे डीएनए सांगत नाही. ते कानातील खड्याच्या लांबीवरून काढता येते, त्यामुळे जुनी चाळणी अजून अडगळीत गेलेली नाही.