आतला क्यूब खरंच लहान असतो का?

प्रश्न: टेसरॅक्टच्या, म्हणजे चार मितींतल्या क्यूबच्या, ॲनिमेशनमध्ये मोठ्या क्यूबच्या पोटात एक छोटा क्यूब दिसतो, मग तो फुगत बाहेर येतो आणि बाहेरचा आकसून आत शिरतो. मला थोडं कोडिंग येतं, पण चौथी मिती स्क्रीनवर आणतात कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, लहान अजिबात नसतो! टेसरॅक्टचे आठही क्यूब एकाच मापाचे असतात, तुम्ही बघताय ती त्याची सावली आहे. आज रात्री एक करून बघाच. झाडूच्या काड्या सेलोटेपने जोडून क्यूबचा नुसता सांगाडा बांधा, अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च त्याच्या एका बाजूजवळ धरा. भिंतीवर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन दिसेल, चार तिरक्या रेघांनी जोडलेला. आता सांगाडा हळूहळू फिरवा, छोटा चौकोन सरकत मोठा होतो आणि मोठा आत जातो, पण हातातली एकही काडी लांब-आखूड झालेली नसते ना.

कोडमध्येही हेच करायचं. १६ कोपरे घ्या, प्रत्येकाचे एक्स, वाय, झेड, डब्ल्यू हे अधिक १ किंवा उणे १, आणि ज्या दोन कोपऱ्यांत एकच आकडा वेगळा आहे ते जोडा, झाल्या ३२ कडा. मग एक्स, वाय, झेडला (३ – डब्ल्यू) ने भागा. डब्ल्यू १ असेल तिथे २ ने भागलं जातं, उणे १ असेल तिथे ४ ने, म्हणून एक क्यूब दुसऱ्याच्या निम्मा दिसतो, बास! पुढे थ्रीडी ते स्क्रीन नेहमीसारखंच.

फिरवताना मात्र अक्ष डोक्यातून काढून टाका. चार मितींत फिरणं प्रतलात होतं आणि अशी सहा प्रतलं आहेत, त्यातलं एक्स-डब्ल्यू घेतलंत, म्हणजे वाय आणि झेडला हात न लावता फक्त या दोघांवर साइन-कोसाइन चालवलंत, की ती आत-बाहेरची जादू दिसते.

बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत मायकल नॉल यांनी १९६०च्या दशकातच कॉम्प्युटरवर अशी फिल्म केली होती, पुढे १९७८ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या थॉमस बँचॉफ आणि चार्ल्स स्ट्रॉस यांचीही आली. पण तुमच्याकडे माउस आहे, तेव्हा नुसतं बघत बसू नका, ड्रॅग करून स्वतः फिरवा, त्याशिवाय हे अंगात मुरत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि रंग द्याच, फिरवल्यानंतर जो डब्ल्यू येतो त्यावरून, जवळचं लाल, लांबचं निळं. स्क्रीनवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघांचे तिथले रंग वेगळे दिसले, की लगेच कळतं की त्या प्रत्यक्षात एकमेकींना शिवतसुद्धा नाहीयेत.