ठेव मोडून गिटार घ्यावी का?

प्रश्न: वय 41, पुण्यात राहतो. गिटार, मेंडोलिन, युकुलेले, बँजो वाजवतो. रेकॉर्डिंग, लग्नाचे कार्यक्रम, शिकवण्या मिळून महिन्याला सरासरी 45,000 सुटतात. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे 22,000 वेगळे. घरखर्च 46,000. जुन्या गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासलेत. 5 लाखांची मुदत ठेव मोडून 3 लाख 40 हजारांची परदेशी गिटार घ्यायची, शाळा सोडायची आणि पूर्णवेळ वाजवायचं, असा विचार आहे. दुकानदार म्हणतो, करही वाचेल.

उत्तर: दोन्ही एकदम तर मुळीच नको.

तुमची सरासरी फसवी आहे. सोबत पाठवलेली हिशेबाची वही पाहिली. जून ते सप्टेंबर बाहेरची कमाई महिन्याला जेमतेम 15,000. पावसाळ्यात, त्यातही चातुर्मासात, लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, त्यामुळे लग्नातले ‘संगीत’चे कार्यक्रमही नाहीत. शाळेचा पगार धरूनसुद्धा तेव्हा महिन्याला 9,000 कमी पडतात. तो पगार गेला की खड्डा 31,000 चा, म्हणजे चार महिन्यांत 1 लाख 24 हजार. गिटार घेतल्यावर ठेवीत उरणार 1 लाख 60 हजार. एका पावसाळ्यात हातात राहतात 36,000, आणि त्यात कुणी आजारी पडलेलं नाही. शिवाय 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे ऐन लग्नसराईतला महिनाही जाईल.

करबचतीचं गणित दुकानदाराचं, तुमचं नव्हे. वाद्यावर वर्षाला 15 टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, घेतल्याच्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पण तुमचं उत्पन्न 8 लाखांच्या आसपास. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत करच लागत नाही, मग वाचणार काय? त्यापेक्षा स्टुडिओवाल्यांनी कापलेला 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, तपासा आणि विवरणपत्र भरून, मुदतीत असेल तेवढा परत मिळवा. वहीत दोन वर्षांचा दिसतोय, एकदाही मागितलेला नाही!

वहीतली आणखी एक गोष्ट: रेकॉर्डिंगचे निम्म्याहून अधिक पैसे मेंडोलिन आणि युकुलेलेचे आहेत. चार वाद्यं वाजवणारा माणूस एका बोलावण्यात तीन जणांचं काम करतो, म्हणून स्टुडिओ तुम्हाला बोलावतात. या धंद्यात असंच चालत आलंय. भूपिंदर सिंग लोकांना गायक म्हणून आठवतात, पण आर. डी. बर्मन यांच्याकडे ते गिटारही वाजवत. नवी गिटार आल्याने तुमचा दर वाढेल, असं एकाही नोंदीवरून दिसत नाही. जुन्या गिटारचे फ्रेट बदलून घ्या. तो खर्च काही हजारांतला आहे.

गिटारची हौस मला कळते. टीडीएसचा परतावा आणि डिसेंबर ते मेच्या कमाईतला वरचा पैसा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, गिटार त्यातूनच घ्या. 5 लाखांना हात नको. शाळा सोडायचा विचार जून-सप्टेंबरची बाहेरची कमाई सलग दोन वर्षं 46,000 च्या वर गेली तरच करा.

आणि या महिन्यातच वैयक्तिक अपघात विमा घ्या. घेताना तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला भरपाई मिळते का, ते विचारा. डाव्या हाताचं एक बोट महिनाभर प्लास्टरमध्ये गेलं तरी तुमची चारही वाद्यं बंद पडतात.