मुंबईची विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस बंद पडली, मग बॅटरीची बस परवडेल का?

परवडते. १२ मीटरची ई-बस किलोमीटरला साधारण १ ते १.५ युनिट वीज खाते. तेवढीच डिझेल बस लिटरला जेमतेम ३-४ किलोमीटर जाते. शिवाय ब्रेक मारताना मोटरच जनित्र बनते, त्यामुळे ब्रेकचे लायनर कमी झिजतात.

बेस्टची ट्रॉलीबस (१९६२ ते १९७१) डोक्यावरच्या दोन तारांना बांधलेली असायची. दोन, कारण रबरी टायरवर वीज परतायला ट्रामसारखा रूळ नाही. वळणावर टपावरून तारेला टेकलेला दांडा निसटला की बस जागीच ठप्प. कोणीतरी उतरून तो पुन्हा तारेवर चढवायचा. बॅटरीत ही कटकट नाही, पण दीड-दोन टनांचं ओझं कायम अंगावर, आणि एसी लावला की पल्ला घटतो. खरी गोची डेपोत होते: रात्री सगळ्या गाड्या एकदम चार्जिंगला लावल्या तर ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, पाळ्या लावाव्या लागतात.