वल्हांडणाच्या जेवणाला वडिलांना जागा का नाही?

‘ताई, सप्रेम सलाम,’ अशी सुरुवात असलेलं एका आईचं पत्र गेला आठवडाभर माझ्या टेबलावर आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत, पण पहिल्यानेच माझी झोप उडवली. त्यामुळे आजची बहुतेक जागा त्यालाच देते.

त्या लिहितात: ‘लेकाने आणि सुनेने इथल्या एका नव्या संगतीत जायला लागल्यापासून शनिवारचा शब्बाथ, म्हणजे यहूदी विसाव्याचा दिवस, धरला. नाताळ सोडला. यंदा त्यांनी घरी वल्हांडण (मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या आठवणीचा यहूदी सण) करायचं ठरवलं. आम्ही जायला निघालो, तर लेकाने बायबलमधल्या निर्गमच्या बाराव्या अध्यायातलं वचन पाठवलं, की सुंता न झालेल्याने ते भोजन खाऊ नये. म्हणजे ह्यांनी बाजूच्या खोलीत बसायचं! जन्मभर मंडळीत वाढलेला माणूस. तेव्हापासून हे बोलत नाहीत. आम्ही इतकी वर्षं चुकीचंच धरून बसलो होतो का?’

नाही, चुकीचं धरलं नव्हतं. हा प्रश्न तुमच्या घरात पहिल्यांदा आलेला नाही. साधारण इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमेत येशूचे प्रेषित आणि मंडळीचे वडीलजन एकत्र बसले ते याच प्रश्नासाठी. यहूदियातून काहीजण अंत्युखिया नगरात गेले होते आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना सांगत होते, की मोशेच्या नियमाप्रमाणे सुंता केल्याशिवाय तुमचं तारण नाही. पुष्कळ वादविवाद झाला. मग प्रेषित पेत्र उठला. जे जू आपल्या पूर्वजांना पेलवलं नाही आणि आपल्यालाही पेलवत नाही, ते या शिष्यांच्या मानेवर कशाला घालता, असं त्याने विचारलं. शेवटी यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय दिला: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. पत्र लिहून यहूदा बर्सब्बा आणि सीला यांच्या हाती रवाना केलं. त्या पत्रात सुंता नाही, शब्बाथ नाही, वल्हांडणही नाही. प्रेषितांनी जी अट घातली नाही ती तुमच्या लेकाने स्वतःच्या वडिलांना घालावी, याला आधार कुठला?

आता त्याने पाठवलेल्या वचनाबद्दल. वचन खरं आहे, पण ते यज्ञाच्या कोकराच्या भोजनाबद्दल आहे. आणि त्याच नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, हा यज्ञ आपापल्या गावी करू नका, परमेश्वर निवडील त्याच ठिकाणी करा, अशीही आज्ञा आहे. ते ठिकाण म्हणजे यरुशलेमेचं मंदिर. इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. त्यानंतर यहूदी लोकांनीही घरच्या वल्हांडणातून यज्ञ बाजूला ठेवला आणि आज आपण पाहतो तो जेवणाचा विधी त्यांच्या गुरुजनांनी पुढच्या शतकांत घडवला. मग दिवाणखान्यातल्या मेजावर एक वचन लागू करायचं आणि दुसरं सोडायचं, हे कसं? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने हेच बजावलं होतं: नियमाने नीतिमान ठरायला निघालात तर तो संपूर्ण पाळायला तुम्ही बांधलेले आहात.

माझं जुनं म्हणणं वाचकांना पाठ झालं असेल, तरी पुन्हा लिहिते. विश्वासाच्या घरात पहिली परीक्षा जेवणाच्या पंगतीची असते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि तो भीतीने मागे सरला. पौलाचा सोबती बर्णबा याच्यासारखा माणूसही त्याच्या मागे वाहवत गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर बोल लावला. एवढ्या मोठ्या प्रेषिताला चारचौघांत अडवलं, कारण एकाच प्रभूच्या लेकरांची पंगत फुटत होती. तुमच्या यजमानांना बाजूच्या खोलीत बसवणं ही तीच गोष्ट आहे, आणि हे लेकाला स्पष्ट सांगायला हवं. वादात पडू नका. गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याच्याबरोबर बसून मोठ्याने वाचा.

माझा थोरला भाऊ शनिवार पाळतो. पूर्ण मनाने पाळतो, त्या दिवशी कामाला हात लावत नाही. आम्ही रविवारवाले. आई असताना तिने त्याला कधी रविवारी ओढलं नाही आणि त्यानेही आमच्या उपासनेला कधी नावं ठेवली नाहीत. शनिवारी दिवस मावळला की सगळे एका मेजाभोवती, प्रार्थना त्याने करायची, हा आईचा शिरस्ता. ती गेल्यानंतर आम्ही तीन देशांत पांगलो, तरी भावंडांत या विषयावरून कधी तडा गेला नाही. कारण पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगितलंय तसं, एकजण एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, आणि दोघेही प्रभूसाठीच मानतात. कलस्सैकरांनाही पौलाने लिहिलं, की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये.

पण बाई, आता तुम्हालाही थोडं बोलणार आहे. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: ‘हे यहूद्यांचं खूळ आपल्या घरात हवंच कशाला?’ ही भाषा सोडा. येशूची सुंता आठव्या दिवशी झाली. शब्बाथाला सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता. ज्या रात्री त्याने प्रभुभोजन दिलं ती रात्र पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे वल्हांडणाच्या जेवणाची होती. यरुशलेमेतले हजारो यहूदी विश्वासणारे नियमशास्त्राविषयी आवेशी होते आणि त्यांना ते सोडायला कोणी सांगितलं नाही. उलट 386-387 मध्ये अंत्युखियातच योहान ख्रिसोस्तम या धर्मोपदेशकाने सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध जी प्रवचनं दिली, त्यातली विखारी वाक्यं पुढे शतकानुशतकं यहूद्यांच्या द्वेषासाठी वापरली गेली. एक विधी आपल्यावर बंधनकारक नाही म्हणून ज्यांचा तो आहे त्यांना हिणवायचं नसतं. इथे आपल्या मुलांच्या वर्गात यहूदी मुलं आहेत, शेजारी यहूदी आहेत. लेकालाही सांगा, की दुसऱ्याचा जिवंत सण उचलून त्यावर आपलं नाव लावण्यापूर्वी त्या शेजाऱ्यांना कसं वाटेल हे विचारून पाहावं.

आणि तो हे का करतोय, हेही बघा. आपण देश सोडला तेव्हा आपली मंडळी आणि आपली गीतं मनात भरून आणली. या मुलांच्या हाती त्यातलं अर्धंमुर्धं आलं. त्यांना घट्ट धरायला काहीतरी हवंय, आणि जितकं जुनं तितकं खरं असं त्यांना वाटतं. माझ्या पुतण्याचं असंच झालं होतं. त्याच्याशी कोणी भांडलं नाही, माझे सासरे फक्त दर आठवड्याला फोनवर त्याच्याबरोबर इब्री लोकांस पत्र वाचत राहिले. तिथे मंदिर, याजक, यज्ञ सगळ्याचा मान ठेवून दाखवलंय, की ही येणाऱ्या गोष्टींची छाया होती आणि ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केलं. पुतण्या आजही शनिवारी विसावा घेतो, पण आजोबांशेजारी बसून प्रभुभोजन घेतो. मला तरी याहून जास्त काही नको होतं.

रविवार हा सम्राट कॉन्स्टंटाइनचा शोध, असं लेक म्हणतो. 321 मध्ये त्याने त्या दिवसाला कायद्याने सुटी दिली, इतकंच. आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमणं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि 150 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानेही ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन केलंय.

येणाऱ्या नातवाच्या सुंतेबद्दल: आईबाप आणि डॉक्टर मिळून ठरवतील. पौलाने आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता केली आणि तीताची होऊ दिली नाही. तारणाची अट म्हणून करत असतील तर मात्र गप्प बसू नका.

सून मराठीत बोलत नाही ही दुसरी तक्रार. तुम्ही बोलत राहा, ती ऐकते आहे. आणि निवृत्तीनंतर परत जावं का, हे यजमान बोलू लागले की दोघांनी मिळून ठरवा. त्याआधी लेकाला फोन करा आणि पुढच्या शब्बाथाच्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला येतोय, बाबा तुझ्या शेजारी बसणार आहेत, एवढं सांगून ठेवा.