पोळी-भात सोडण्याआधी

भाऊ, पोळी-भात सोडून पहिल्या आठवड्यात 3 किलो उतरले म्हणून हुरळून जाऊ नको. त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात साठलेल्या 1 ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे कर्बोदकांच्या साठ्यासोबत) सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात बंद केला की तो साठा रिता होतो, पाणी निघून जातं आणि सोबत मीठही. मी हे मे महिन्यात भोगलं. नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरताना डोकं ठणकलं, पोटऱ्यांत गोळे आले. घरी येऊन मीठ घातलेलं ताक प्यायलो, तेव्हा कुठे बरं वाटलं.

फायदा खरा आहे. प्रोटीन वाढलं की भूक आवरते, तर्री पोहे आणि संत्रा बर्फी सुटते. पण सावजी रश्श्यावरचा तेलाचा तवंग वरपलास तर काय उपयोग? तेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, कर्बोदकांच्या 4. शिवाय पोळी-भाकरी सुटली की पोटही साफ होत नाही. मेथी, पालक, काकडी भरपूर ठेव.

2018 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात वर्षभरानंतर लो-कार्ब (कमी कर्बोदकं) आणि लो-फॅट (कमी चरबी) गटांच्या वजनात फारसा फरक नव्हता. म्हणून मी रात्रीचा भात सोडला, दुपारची एक ज्वारीची भाकरी ठेवली. तेवढंच टिकलं. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नको.